न मोडलेला दांडा

गॅरेजमध्ये नवीन माणूस गाडी घेऊन आला की वीतमास्तर आधी गाडीकडे बघायचेच नाहीत. म्हणायचे, "बसा बघू, चालवताना बसता तसे." तो बसला की खिडकीतून हात आत घालायचे आणि त्याची छाती आणि स्टिअरिंगचं चाक यांच्यामध्ये आपली वीत ठेवायचे. एक वीत आणि वर चार बोटं भरली, तर मान हलवून बॉनेट उघडायला सांगायचे. नाही भरली तर सीट मागे सरकवल्याशिवाय गाडीला हात लावत नसत, मग तक्रार मागच्या दिव्याची का असेना. बायकांना मात्र लांबूनच सांगायचे, "ताई, तुमची तुम्ही वीत घाला, मी इथनं बघतो."

लालबागच्या एका मिठाईवाल्या शेटजींचं पोट चाकाला टेकायचं. त्यांना मास्तर म्हणाले, "शेट, एक तर हे मागे घ्या, नाहीतर सीट." शेटजी रागावून गाडी परत घेऊन गेले. आठ दिवसांनी आले ते थेट मास्तरांसमोर गाडी उभी करून म्हणाले, "घ्या, मोजा." सीट मागे घेतलेली होती. पोट होतं तिथेच होतं.

आमच्या मंडळाची स्मरणिका येत्या माघी गणपतीला निघते आहे. गल्लीतल्या जुन्या माणसांवर लेख हवेत म्हणाले, आणि मास्तरांवर तू लिही, तुझ्याच गॅरेजात होते ना, असं ठरलं. मी हो म्हटलं आणि दोन महिने कागदाला हात लावला नाही. कारण मास्तरांना पाहिलेल्या माणसांना त्यांच्याबद्दल दोन गोष्टी पाठ आहेत. एक, ते वीत घालायचे. दुसरी, म्हातारपणी त्यांनी एका बाईंच्या गाडीचा स्टिअरिंगचा दांडा वेल्ड करून दिला आणि त्या बाई जन्माच्या अधू झाल्या. पहिली खरी आहे. दुसरी खोटी. ते वेल्डिंग मी केलं. आधीच सांगून टाकतो, नाहीतर लेखाच्या शेवटाला पोचेपर्यंत माझा धीर जाईल.

मास्तर मूळचे मालवणकडचे. राहायला घोडपदेवला, चाळीतल्या एका खोलीत. मिलमध्ये फिटर होते. मिल बंद पडल्यावर माझ्या काकांनी त्यांना गॅरेजात आणलं, आणि काका गेल्यावर गॅरेजबरोबर मास्तरही माझ्याकडे आले, असं मी गमतीनं म्हणायचो. खरं तर मी त्यांच्याकडे आलो होतो. इंजिन, ब्रेक, क्लच सगळं त्यांना येत असे, पण हळूहळू त्यांनी एकच काम आपलं म्हणून धरलं: चाकापासून खाली जाणारा दांडा. आम्ही त्याला कॉलम म्हणायचो, ते दांडाच म्हणत. त्या कामाला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हा गॅरेजचा नियम होता आणि तो गल्लीत सगळ्यांना ठाऊक होता. हे लक्षात ठेवावं, पुढे लागणार आहे.

पूर्वीच्या गाड्यांत हा दांडा अखंड लोखंडाचा असे. समोरून धडक बसली की गाडीचं नाक आत येई आणि दांडा चालकाच्या छातीकडे. मास्तरांचा मेव्हणा टॅक्सी चालवायचा, तो असाच गेला. मास्तरांनी त्याला परळच्या इस्पितळात ओळखायला जाऊन पाहिलं होतं. त्याबद्दल ते एकदाच बोलले, तेही एवढंच, की तोंडावर ओरखडासुद्धा नव्हता रे, झोपल्यासारखा होता.

नव्या गाड्यांतला दांडा वेगळा असतो. एका नळीत दुसरी नळी बसवलेली, आणि डॅशबोर्डखाली तो ज्या पकडीवर टांगलेला असतो तिच्यात बारीक प्लास्टिकच्या पिना. माणूस चाकावर आदळला की पिना तुटतात, पकड सुटते, नळी नळीत घुसते, आणि छातीवर बसणारा दणका दांडा स्वतः खातो. असा चेपलेला दांडा पहिल्यांदा आमच्याकडे आला तेव्हा गाडीचा मालक कपाळाला पट्टी लावून स्वतःच्या पायांनी चालत आला होता. मास्तरांनी दांडा हातात घेतला, मग मालकाकडे बघितलं, परत दांड्याकडे. माणसाला चहा पाजला. तो गेल्यावर म्हणाले, "मिलमध्ये साचा मोडू नये म्हणून माणूस मोडायचो आम्ही. हे ज्यानं काढलं त्यानं उलटं केलं बघ."

साचा म्हणजे मिलमधला माग. तिथलीच एक गोष्ट ते नेहमी सांगत. काही यंत्रांच्या दातेरी चाकात एक नरम पितळी पिन असे. यंत्र अडकलं की ती तुटायची आणि यंत्र जागच्या जागी थांबायचं. पण पिन तुटली की काम थांबतं, काम थांबलं की जॉबर, म्हणजे मुकादम, ओरडतो. तेव्हा एका फिटरनं पितळी पिनेच्या जागी लोखंडी खिळा ठोकला. चार दिवस यंत्र छान चाललं. पाचव्या दिवशी अडकलं, खिळा काही तुटला नाही, आणि साच्यावरच्या कामगाराची दोन बोटं गेली. "कोण हो तो फिटर?" असं आम्ही विचारायचो. मास्तर तंबाखू मळत म्हणायचे, "होता एक."

ते गोष्ट सांगायचे तेव्हा आम्हांला पुढचं वाक्य पाठ असायचं. एकजण हळूच आधीच म्हणून टाकायचा, "मोडायचं ते मोडू द्यावं." मास्तर म्हणायचे, "हां. पाठ आहे, पण डोक्यात नाही."

त्यांच्याजवळ सागवानी पट्टी होती, मिलमधून आणलेली. प्रत्येक गाडीच्या दांड्याची मूळ लांबी त्यांनी तिच्यावर चाकूनं कोरून ठेवली होती. गाडी कुठे किरकोळ ठोकलेली असली तरी ते पट्टी लावून बघायचे. एक सूत कमी भरली तरी दांडा बदलायचा. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. गिऱ्हाईक कुरकुरायचं, दिसत तर नाही काही. मास्तर म्हणायचे, दिसत नाही म्हणूनच मोजतो.

आणि खंडेनवमी. आमच्याकडे मिलवाल्यांच्या रीतीनं हत्यारांची पूजा होते. फळीवर पाने, हातोडे, जॅक, ग्राइंडर, सगळ्यांना कुंकू आणि झेंडूचं फूल. मास्तर त्या रांगेत चेपलेले दांडे मांडायचे. एरवी ते भिंतीवर टांगलेले असत, आणि प्रत्येकावर त्या गाडीतून वाचलेल्या माणसाचं नाव खडूनं लिहिलेलं असे. वर्षभरात खडू पुसून जायचा. खंडेनवमीला मास्तर सगळी नावं आठवून परत लिहायचे. मी एकदा म्हटलं, रंगानं लिहा ना, कायमचं राहील. ते म्हणाले, "राहील. मग कोण वाचतंय?"

आता बाईंबद्दल. परळच्या शाळेत मला गणित शिकवणाऱ्या बाई. राहायला ठाकूरद्वारला. निवृत्त झाल्यावर त्यांनी छोटी गाडी घेतली, साधी, छातीवर फुगणाऱ्या पिशव्या वगैरे तीत नव्हत्या. कामाला माझ्याकडेच आणायच्या. दर वेळी गॅरेजच्या दारातूनच विचारायच्या, "दिलीप, तेराचा पाढा?" पोरं हसायची आणि मी चाळिशीचा माणूस तेरा दाहे एकशेतीसपर्यंत म्हणून दाखवायचो.

त्या वर्षी गणपतीच्या दोन दिवस आधी त्या आल्या. गाडी दुभाजकाला हलकीशी घासली होती. बंपर ठीक, पण चाक हातात खडखडतं म्हणाल्या. मास्तर गणपतीला गावी गेलेले. वर्षाचे बारा दिवस ते कुणाचे नसत, आणि आमचे निम्मे कामगारही नसत, लालबागमधल्या गॅरेजांचं हे नेहमीचंच. मी खाली वाकून पाहिलं. पकडीतल्या पिना तुटल्या होत्या, दांडा थोडा सरकला होता. नवीन मागवायला हवा होता. फोन केला, तर वीस दिवस लागतील म्हणाले. बाईंना गौरींसाठी नाशिकला बहिणीकडे जायचं होतं, स्वतः गाडी चालवत. त्या म्हणाल्या, "खडखड थांबली म्हणजे झालं रे. तुझ्याच्यानं नाही होणार का?"

त्या "तुझ्याच्यानं नाही होणार का" ला मी फळ्यासमोर उभा राहिल्यासारखा झालो. "होतं, बाई," म्हटलं. पकड आणि नळी, दोन्हीकडे वेल्डिंगचे चार टाके मारले. पंधरा मिनिटांचं काम. वर प्लास्टिकचं झाकण बसवलं. चाक इतकं घट्ट झालं की नव्या गाडीचंही नसेल. बाई खूश झाल्या. मी काय करतोय हे मला माहीत नव्हतं असं नाही. पितळी पिनेची गोष्ट मी शंभर वेळा ऐकली होती. टाके मारताना मला तीच आठवत होती. वाटलं, नाशिकहून परत आल्या की नवीन मागवून गुपचूप बदलू.

बाई नाशिकहून परत आल्या, पण चाक चांगलं चालतंय म्हणून गॅरेजला आल्या नाहीत. मीही बोलावलं नाही. मास्तर गावाहून आल्यावर मीच सांगितलं की बाईंच्या गाडीचा दांडा गेला होता, नवीन बसवला.

"एवढ्यात मिळाला?"

"मिळाला एकाकडे."

"जुना कुठाय?"

"भंगारवाला घेऊन गेला."

मास्तरांनी माझी पाठ थोपटली. म्हणाले, "बाईंना घाई असणार. तरी थांबवलंस त्यांना. चांगलं केलंस." इतक्या वर्षांत त्यांनी माझी पाठ थोपटल्याची ती एकच वेळ. अजून त्या जागेवर हात ठेवलेला जाणवतो.

तीन महिन्यांनी एका सकाळी पुलाच्या उतारावर बाईंची गाडी थांबलेल्या डंपरवर मागून गेली. वेग फार नव्हता. छातीचं मधलं हाड आणि चार बरगड्या मोडल्या, एका बाजूचं फुप्फुस दबलं. महिनाभर इस्पितळात होत्या. वाचल्या, पण श्वास कायमचा तुटका झाला. जिना चढणं बंद, गाडी बंद, बोलताना वाक्याच्या मध्येच थांबावं लागतं.

अपघातातल्या गाड्या ठेवतात त्या यार्डात मास्तर ती चेपलेली गाडी बघायला गेले, पट्टी घेऊन. त्यांना वाटलं असणार, बाई वाचल्या म्हणजे दांड्यानं आपलं काम केलं, तो आणून भिंतीवर लावू. मी सोबत गेलो नाही, काम आहे म्हणालो. संध्याकाळी ते दांडा खांद्यावर टाकून चालत आले. माझ्यासमोर बाकावर ठेवला आणि पट्टी बाजूला लावली. एक सूतसुद्धा कमी नव्हता. टाके तसेच होते, आणि माझे टाके ते हजारांत ओळखत. ते हात धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी बाईंचा मुलगा आला. त्याला त्या यार्डातल्या कुणीतरी वेल्डिंगचं सांगितलं होतं. गॅरेजच्या दारात, गल्लीतली दहा माणसं जमलेली असताना त्यानं विचारलं, हे कुणी केलं. मी हातात पाना धरून उभा होतो. मास्तर पुढे झाले आणि म्हणाले, "दांड्याचं काम या गॅरेजात माझं." एवढंच. ते खोटं बोलले नाहीत. मुलगा त्यांना जे बोलला ते मी इथे लिहीत नाही. त्यात माझ्या वाट्याचं होतं ते सगळं त्यांनी ऐकून घेतलं, आणि मी मध्ये एक शब्द बोललो नाही. प्रकरण पुढे गेलं नाही. गल्लीत मात्र महिनाभर हाच विषय होता. म्हाताऱ्याचा हात गेला, डोळे गेले, कुणी म्हणालं दारू. मास्तर दारू पीत नसत.

नंतरही ते दहा महिने रोज येत राहिले. लोक गाडी आणायचे आणि हळूच सांगायचे, मास्तरांना हात नको हं लावू देऊस. मास्तरांनी वीत घालायला हात पुढे केला की काच वर करायचे. मग ते बाकावर बसून कामगारांच्या सुटे भाग धुण्यावर लक्ष ठेवायचे. माझ्याशी पूर्वीसारखंच बोलायचे. त्यांनी एकदा शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटायचं. आता वाटतं, तेही मी त्यांच्याकडूनच मागत होतो.

खंडेनवमी आली. मास्तरांनी फळीवर सगळे चेपलेले दांडे मांडले आणि शेवटी तो सरळ दांडा ठेवला. मला म्हणाले, कुंकू तू लाव. मी लावलं. त्यांनी सगळी नावं खडूनं लिहिली. त्या सरळ दांड्यापाशी थांबले नाहीत. एका कामगारानं विचारलं, मास्तर, यावर कुणाचं? ते म्हणाले, "ज्याचं आहे तो लिहील."

दिवाळीनंतर त्यांनी खोली सोडली आणि कायमचे गावी निघाले. मी त्यांना कोकणच्या बसवर सोडायला परळला गेलो. एक पेटी, एक पिशवी आणि ती सागवानी पट्टी. बस यायला वेळ होता. फुटपाथवर पेटीवर बसलेल्या माणसाला मी शेवटी म्हणालो, "मास्तर, माझं चुकलं."

"माका कित्याक सांगतंस?" ते म्हणाले. एरवी ते माझ्याशी मालवणीत बोलत नसत. "बाईंक सांग."

मग नेहमीच्या मराठीत म्हणाले, "तो खिळावाला फिटर मीच. जॉबरनं माझं नाव घेतलं नाही. साच्यावरच्या माणसानंच हात घातला, असं सांगितलं सगळ्यांना. त्याची नोकरी गेली, तो गावी गेला, सावंतवाडीच्या पलीकडे. दर मे महिन्यात मी ठरवायचो, या खेपेला जाऊन सांगू. एका मे महिन्यात गेलो तेव्हा घराला कुलूप. शेजारी म्हणाले, मागच्या पावसात वारला." त्यांनी पट्टी पिशवीतून काढून माझ्या हातात दिली. "माझा माणूस लांब होता रे. तुझा ठाकूरद्वारला आहे. बसनं अर्धा तास."

त्या अर्ध्या तासाला मला चौदा वर्षं लागली. गॅरेज चाललं, वाढलं. मी स्वतः वीत घालायला लागलो, दांड्याला सूतभर फरक दिसला की गाडी अडवून धरतो, कितीही ओळखीचा असो. लोक म्हणतात, मास्तरांच्या चुकीवरून शिकला. मी ऐकून घेतो. दर खंडेनवमीला सरळ दांड्याला कुंकू लावून परत टांगतो. नवे कामगार विचारतात, मी म्हणतो, जुना आहे. मास्तर दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या पुतण्याचा फोन आला. विचारल्यावर म्हणाला, शेवटी तुमच्याबद्दल काही बोलले नाहीत.

स्मरणिकेचं काम गळ्यात पडलं नसतं तर मी कदाचित कधीच गेलो नसतो. या नवरात्रात एका दुपारी ठाकूरद्वारला गेलो. बाई तिसऱ्या मजल्यावर, खिडकीशी खुर्चीत. ऐंशीला टेकल्यात. मला बघून म्हणाल्या, "दिलीप," आणि श्वास घेऊन, "तेराचा पाढा?" मी म्हटलं, आज नको बाई, आधी एक सांगायचंय. आणि सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. शाळेतही फळ्यावर उत्तर चुकत चाललं असलं तरी त्या शेवटपर्यंत करू द्यायच्या.

मग म्हणाल्या, "होत नाही म्हणाला असतास, तर मी टॅक्सीनं गेले असते." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ते राहू दे. चौदा वर्षं मी त्या माणसाचं नाव सांगत आलेय. नातेवाइकांना, शेजाऱ्यांना, शाळेतल्या जुन्या मुलांना. गाडी कुठेही न्या, त्या म्हाताऱ्याकडे नको. आता ते मी... कुणाकुणाला परत सांगू? त्यातले किती तरी गेलेसुद्धा."

त्यांच्या छातीचं तर होतंच, पण मी त्यांना हेही करायला लावलं होतं, हे मला त्या खुर्चीसमोर बसेपर्यंत कळलं नव्हतं.

मी उठलो तेव्हा त्या म्हणाल्या, "लिहितोयस ना त्यांच्यावर? त्यात नाव घाल. पूर्ण घाल. दिलीप तुमच्या गल्लीत चार असतील." क्षमा वगैरे शब्द त्या बोलल्या नाहीत, मीही मागितली नाही. जिन्यापर्यंत त्यांना येता येत नाही. खुर्चीतूनच म्हणाल्या, छापून आलं की दहा प्रती पाठव. ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यांतल्या जेवढ्यांना देता येतील तेवढ्यांना देते.

तर हे नाव: दिलीप शांताराम परब. ते वेल्डिंग याचं.

परवाच्या खंडेनवमीला मास्तरांसारखे सगळे दांडे फळीवर मांडले. कामगारांना जवळ बोलावून सरळ दांड्याची गोष्ट सांगितली, पितळी पिनेपासून. मग खडूनं त्यावर माझं नाव लिहिलं. लोखंडावर खडू नीट उमटत नाही, दोनदा गिरवावं लागलं. आज बघितलं, तर आडनाव फिकट झालंय. पुढच्या वर्षी परत लिहायला लागेल.